खुर्चीवर बसायची पँट

लातूर,
दि. ९ मे १९८३

ती. अमृतराव दाजींना सिद्रामप्पाचा शरणार्थ.

आपली कंबर आता कशी आहे? (उंच माणसांची कंबर लवकर जाते, असं डॉक्टर म्हणाल्याचं कळलं. ऐकून मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही.) अक्काची तब्येत बरी असेल. आमच्या नव्या जिल्ह्यात सगळं नवं आहे, फक्त पाणी नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि दोन घागरींसाठी गल्ली एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. बाकी सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे. पण मी तसं लिहिणार नाही, कारण मी भयंकर संतापलेलो आहे.

येत्या शनिवारी आमच्या कचेरीचा ग्रुप फोटो आहे. जिल्हा झाल्यानंतरचा पहिलाच. चौकटीत घालून भिंतीवर लावणार, म्हणजे आम्ही सगळे गेल्यावरही तो तिथंच राहणार. सतरा वर्षांच्या नोकरीत माझे तीन ग्रुप फोटो निघाले आणि तिन्ही वेळा फोटोग्राफरनं मलाच हेरून पुढं सतरंजीवर मांडी घालून बसवलं (निलंग्याला तर कबड्डीची ढाल माझ्या मांडीवर ठेवली, मी कबड्डी खेळलोही नव्हतो). यंदा मी अव्वल कारकून आहे, आणि अव्वल कारकुनाला फोटोत खुर्ची असते. त्या खुर्चीवर मापाची, बेताची, जरा झोकदार पँट घालून बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

आधी नागप्पाच्या रेडिमेड दुकानात गेलो. त्यानं मान वर न करता "लेकरांचं माडीवर हाय" म्हणून सांगितलं. मी छत्तीस वर्षांचा आहे आणि मला मिशी आहे, हे दाखवायला काउंटरला वळसा घालून आत जावं लागलं (काउंटर उंच आहे). मग त्यानं मोठ्या माणसाची पँट दिली. ती घातल्यावर माझे पाय आतच राहिले. शेवटी मुकाट्यानं माडीवर गेलो. तिथली एक पँट अंगाला अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या मागच्या खिशावर बदक होतं. खुर्चीवर बसल्यावर ते कुणाला दिसणार नाही, असं नागप्पा मला समजावत होता.

तिथून तडक नजीरभाई शिंप्याकडं. त्यानं माझ्या लांबीचा आकडा एवढ्या मोठ्यानं पुकारला, की समोरच्या हॉटेलातल्या लोकांनी चहा खाली ठेवला. तेही गिळलं. काल पँट हातात आली, तर बुटावरून खाली दोन इंच लोळतेय. जाब विचारला, तर म्हणतो, "साहेब, कापड भिजवून मगच कापावं लागतं. पाणी कुठं हाय? म्हणून जास्तीचं धरलं. पहिल्या धुण्यात आटंल." आणि धुवायचं कशात? मग काप म्हटलं, तर कात्रीला हात लावत नाही. "आज कापलं अन् उद्या आटलं, तर चड्डी हुईल." जिल्ह्यातल्या विहिरी आटल्या, तळी आटली, एक माझी पँट तेवढी आटायची राहिली आहे.

आणि या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात, दाजी. आई गेल्यापासून माझा एकेक कपडा अक्कानं शिवला, आणि एकही कधी बोटभर लांब झाला नाही. गेल्या दिवाळीत तिनं एकाच कापडातून माझा आणि तुमच्या शाळकरी बसूचा शर्ट शिवला. आम्ही दोघं ते घालून बाहेर आलो, तर तुम्ही ओट्यावरून शेजाऱ्यांना ओरडून सांगितलंत, "बघा, दोघं भाऊ निघाले." तुमच्या हसण्याचं मला काही नाही, तुमचा स्वभावच तसला आहे. पण अक्काही हसली. ते मला लागलं. शर्ट खुंटीवर टांगून, तुझ्या हातची शिवण पुन्हा अंगाला लावणार नाही, असं तिला बोलून मी निघालो, आणि तेव्हापासून तिला एक ओळ लिहिलेली नाही. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

कंबरेला जपा. लहानथोरांना यथायोग्य सांगा (मला कुठल्यात धरायचं ते तुम्हीच ठरवा).

आपला,
सिद्रामप्पा

ता. क. – एसटीचे कंडक्टर ज्ञानोबा पत्राबरोबर एक पिशवी देतील. तिच्यात पँट आहे. तुमच्याकडं नांदेडला गोदावरीच्या डोहात अजून पाणी आहे असं ऐकतो. एक दिवस भिजत घालून, सावलीत वाळवून, शुक्रवारच्या गाडीनं त्यांच्याच हाती परत पाठवावी.

आणखी एक – डोहात पाणी नसलं तरी चालेल. पिशवी तुम्ही उघडू नका, अक्काच्या हातात द्या. पँट खालून कापून तिनंच शिवावी. माप पाठवत नाही. तिच्या लग्नात होतं तेच आहे.