लिफ्टवाली गाडी

सोमवार, ६ ऑक्टोबर

भंडाऱ्यात पाय ठेवला आणि पहिल्याच दिवशी नोकरीही मिळाली, खोलीही मिळाली. एवढ्या नशिबाची मला सवय नाही. नाकाडोंगरीहून निघताना रंजूने ही वही पिशवीत कोंबली. तिकडे तुमची बडबड ऐकायला कुणी नसेल, वहीलाच ऐकवा, म्हणाली. बायको मला ओळखून आहे.

काम मजेचं आहे. ताराचंद शेठचं बसस्टँडजवळचं गेमचं दुकान बंद पडलं. तिथल्या सहा मशिनी आता जवाहरनगरच्या रस्त्यावर, एका बंद राइस मिलच्या गोदामात उभ्या आहेत. माणसाएवढं उंच लाकडी कपाट, छातीच्या उंचीवर दांडी आणि बटणं, वर जुन्या टीव्हीची जाड काच. इथले लोक त्यांना सरळ पेट्याच म्हणतात. नागपूरच्या एका गेमवाल्याने सहाही घेतल्या आहेत. काच न तडकता त्या तिथे पोचवायच्या आणि त्यासाठी गाडी निवडायची, हे माझं काम. नीट पार पडलं तर मला गोदामाचा मॅनेजर म्हणून कायम करणार. अकरा वर्षं धान खरेदी केंद्रावर हंगामापुरता काटा सांभाळला, त्यामुळे 'कायम' हा शब्द कानाला फारच गोड लागला.

शेठची अट एकच, गाडी लिफ्टवाली हवी. म्हणजे तिची मागची फळी जमिनीला टेकते, पेटी तिच्यावर सरकवली की फळीच तिला वर उचलते. दुसरी गाडी चालणार नाही, म्हणाले. का, ते मात्र सांगितलं नाही. हे सगळं बोलणं त्यांनी दारात उभं राहून केलं, आत काही आले नाहीत.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दोन दिवस गाड्याच गाड्या. लिफ्टवाली दिवाळीआधी मिळत नाही, म्हणून म्हटलं, बाकीच्याही बघून ठेवाव्यात. प्रत्येक गाडीत तीस अंड्यांचा ट्रे ठेवायचा आणि जवाहरनगरच्या कारखान्याच्या गेटापर्यंत जाऊन परत यायचं, अशी मी परीक्षाच लावली. छोटा हत्ती टेम्पोत नऊ फुटली, शिवाय वळणावर तो असा कलतो की उंच पेटी त्यात उभीच राहायची नाही. रेतीच्या ट्रकमध्ये चौदा फुटली. शेवटी तुमसरहून लिलाधर त्याचा पिकअप घेऊन आला. लिलाधर म्हणजे रंजूचा धाकटा भाऊ. त्याने तळाला धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, हातभर थर घातला होता. एकही अंडं फुटलं नाही.

"भाऊजी, लिफ्टबिफ्ट कायले पायजे? फळी लावू, दोर लावू, चढवून टाकू," असं त्याचं म्हणणं. मला पटलं. घरचा माणूस, घरची गाडी. संध्याकाळी सगळ्यांना भुर्जी खाऊ घातली.

शेठला फोनवर सांगितलं, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. लिफ्टवालीच, म्हणाले. एवढा हट्ट? लिफ्टवाला त्यांचा नातलग असणार, हे मी ताडलं. संशय हा माझा जुना आजार आहे. काट्यावर बसणारा माणूस पोत्यात आधी खडे शोधतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

वजन कळल्याशिवाय गाडी ठरवणं मला जमत नाही. गोदामात मिलचा जुना काटा जमिनीत बसवलेला आहे आणि चालतोही. शेजारच्या मिलचे चार हमाल बोलावले, फळ्या घातल्या, दोर लावले. कागदावर प्रत्येक पेटी एकशे अठरा किलोची. पाच पेट्या बरोबर तेवढ्याच भरल्या. चार नंबरची भरली एकशे ब्याऐंशी.

तीनदा केलं, तीनदा तेच. मागची पाटी खोलली. आत वायरी, धूळ आणि एक मेलेली पाल. चौसष्ट किलो जास्तीचं काहीच नाही. म्हणजे शेठ काहीतरी चोरून पाठवतो आहे आणि ते लाकडाच्या पोटात भरलेलं आहे, हा पहिला विचार. मग वर पाहिलं तर चार नंबरवरचा पत्रा गळका. पावसाळाभर लाकडाने ओल पकडली असणार. ओलं धान आणून वजन वाढवणारे मी थोडे पाहिलेत? दारातून ऊन येतं तिथे पेटी हमालांकडून सरकवून घेतली.

सकाळी झाडायला शकुनबाई येते. दारापाशी चप्पल काढते आणि पुढचा भाग तेवढा झाडते. मागे का जात नाही विचारलं तर म्हणाली, "मले पाहून रायल्या जी ह्या पेट्या." मी हसलो. माझ्याआधी इथे चंद्रकुमार नावाचा माणूस होता, तो कुणाला न सांगता गेला, हेही तिनेच सांगितलं. त्याचा सदरा अजून खिळ्याला आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तीन दिवस कडक ऊन मिळालं. एवढ्यात धान खडखडीत वाळलं असतं. हमाल बोलावून पुन्हा वजन केलं. चार नंबर एकशे ब्याऐंशी. एक ग्रॅम कमी नाही.

सहज बाकीच्याही केल्या. दोन नंबर एकशे त्रेसष्ट! शुक्रवारी एकशे अठरा होती. तिच्यावरचा पत्रा धड आहे. काटाच बिघडला असेल म्हणून धानाचं मोजलेलं पोतं ठेवून पाहिलं, काटा खरा आहे. मग हमालांवर संशय घेतला. ते रागावून निघून गेले.

शकुनबाई कालपासून नाही. रविवारी मीच तिला चिडवलं होतं, एवढी भितेस तर धूळ कोण पुसणार? बिचारी दोन नंबरभोवती दोन्ही हात घालून मागची धूळ काढायला लागली, तेव्हा मी चहाला गेलो. आज तिची मुलगी रिता आली. "माय इथंच आली होती जी. घरी आलीच नाही." दाराशी चपला होत्या. त्या मी तिच्या हातात दिल्या, आणि नातेवाइकांकडे बघ, असं सांगितलं. पोरगी आतल्या पेट्यांकडे बघत उभी होती. मला ते आवडलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं.

शेठ नागपूरला गेले होते. मी लिलाधरला बोलावलं. एक पेटी चढवून दाखवू, शेठ परत आले की बघतील आणि मानतील, असा माझा बेत. दोघांनी दोर लावून पाच नंबर दारापर्यंत ओढत आणली, पिकअपला फळी लावली. मी हमालांची समजूत घालायला शेजारी गेलो. लिलाधरला थांब म्हटलं होतं. तो म्हणाला, "मी हाव ना, तुमी जा." दहा मिनिटंही झाली नसतील.

परत आलो तर पिकअपचं इंजिन चालू. फोन सीटवर. लिलाधर नाही. पाच नंबर फळीच्या मध्यावर, उतारावर सरळ उभी. दोर नाही, टेकू नाही. उतारावर पेटी अशी उभी राहत नाही.

सगळीकडे शोधलं. शेतात, नाल्यात, मिलमध्ये. कुठेच नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

पोलिसांत नोंद दिली. गाडी चालू ठेवून माणूस कुठे जाईल, असं त्यांनी मलाच विचारलं. त्यांनाही माझा संशय आला आहे. येणारच, मलासुद्धा आला असता.

हमालांच्या हातापाया पडून पाच नंबर काट्यावर घेतली. एकशे एकोणनव्वद. एकाहत्तर जास्त.

लिलाधरचं वजन एकाहत्तर आहे. दर हंगामात केंद्रावर यायचा, काट्यावर उभा राहायचा, भाऊजी, वाढलो का बघा, म्हणायचा.

काट्यामागच्या भिंतीवर कोळशाने काहीतरी लिहिलेलं होतं, आज वाचलं. रिकाम्या वेळी इथे लोकांनी एकमेकांची वजनं करून लिहिली आहेत. चंद्रकुमार ६४. शकुनबाई ४५.

चार नंबर चौसष्ट जास्त, दोन नंबर पंचेचाळीस. 

सोमवार, २० ऑक्टोबर

शेठला फोन लागला. लिलाधर नाहीसा झाला म्हणून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, गाडी कोणती लावली होती? पिकअप म्हटलं.  मग म्हणाले, "मी लिफ्ट कायले म्हटलं होतं?" आणि फोन बंद. आता लागत नाही.

आता कळतंय. चार हमालांनी दोर लावून हलवली तर काही होत नाही. एकट्याने चढवायची तर मिठीच मारावी लागते. दोन्ही हात घालून, छाती लावून. आणि मिठी मारली की पेटी माणसाला आत घेते. चंद्रकुमारने तेच केलं असणार. शकुनबाईने माझ्या टोमण्यामुळे केलं. लिलाधरने माझ्या गाडीमुळे. शेठ हरामखोर आहे, सांगायला हवं होतं त्याने. पण गाडी मी निवडली. घरचा माणूस, घरची गाडी.

रंजूचा फोन. लिलाधर उचलत नाही, तुमच्याकडे आहे का? गुरुवारी भाऊबीज, मीच भंडाऱ्याला येते, दोघं तिथेच जेवा.

मी हो म्हटलं. 

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पाच नंबरची मागची पाटी खोलून हाका मारल्या. वायरी. धूळ. करवतीने लाकूड कापायला गेलो तर हात पुढे होईना, आत तो असला तर?

एकच रस्ता दिसतो. मिठीने जातो, तर मिठीनेच परत येईल. नाही आला तर मी जाईन. रंजूला तोंड दाखवण्यापेक्षा तेही बरं.

दुपारी बारा. जातो.

दुपारी साडेबारा. मी आहे! काच गार होती, मग गार राहिली नाही. छातीवर कुणीतरी टेकल्यासारखं झालं, तेवढंच. हमालांना हाक मारली, पेटी काट्यावर. एकशे अठरा! लिलाधर सुटला!

पण तो कुठे आहे? गोदामात नाही. बाहेर नाही. हाका मारतो आहे.

पाय उचलवत नाहीत.

पेटी उतरवायला लावली आणि मीच काट्यावर उभा राहिलो. माझं वजन अठ्ठावन्न.

काटा एकशे एकोणतीस दाखवतो.

बुधवार, २२ ऑक्टोबर

ऑटोवाला म्हणाला, एकटेच आहात ना, मग गाडी का दबते. खोलीतली खाट मोडली. जमिनीवर बसून आहे.

डावा हात माझं ऐकत नाही. सकाळी त्याने आपणच कंगवा उचलला आणि केस मागे फिरवले. लिलाधर डावखुरा. तसेच फिरवतो.

घरमालकीण चंद्रकांताबाईंचं मांजर खिडकीतून आलं. सवयीने कुशीत घेतलं. लगेच सोडायला हवं होतं.

कूस रिकामी. मांजर नाही. खिडकी तर लावलेली होती.

म्हणजे आता पेटी मीच—

गुरुवार, २३ ऑक्टोबर

रंजूला येऊ नको म्हणून दहा फोन केले. लिलाधर सापडत नाही, हेही शेवटी सांगून टाकलं. ती सकाळच्याच एसटीत बसली होती. भावाचं काय झालं ते तोंडावर सांगा, म्हणाली. रडत होती.

दाराला कडी लावली आहे.

आली. करंज्यांचा डबा आणला आहे. दार वाजवते. "उघडा ना जी. मी काही बोलणार नाही तुमाले. एकदा जवळ घ्या."

नाही. जा म्हणतो. जात नाही.

आता माझ्या तोंडून 'ताई' निघालं. माझा आवाज नव्हता. मी म्हटलं नाही ते. देवाशपथ, मी नाही—

बाहेर ती हसली. रडता रडता हसली. "लिलाधर? आत हाय का रे तू?"

पुन्हा निघालं. ताई. त्याचं चुकत नाही. बहिणीकडे जायचंय त्याला. त्याला काय ठाऊक, त्याच्याभोवती—

उजव्याने लिहितो आहे. डावा हात कडीवर. ओढतो आहे, निघत नाही. एकाहत्तर किलोचा जोर.

रंजू, ही वही आधी वाच. हात लावू नको. मी कितीही बोलावलं तरी, तो कितीही—

कडी सरकली.

तिने डबा खाली ठेवला. दोन्ही हात पसरून ती—