दहा ग्रॅम मीठ

कापडे,
१५ जानेवारी २०२५

चि. महिपतीस आक्काचे अ. उ. आ.

आशीर्वाद रीतीचा म्हणून लिहिला, मनातून आज द्यायचा नव्हता. काल सगळा गाव तिळगूळ वाटत होता आणि सुनील कंडक्टरनं एसटीतून तुझा डबा उतरवला. आत काय, तर एक काळा दगड आणि वर चिठ्ठी, की उद्यापासून डबा नको, मी माझा ब्रेड घरीच भाजतो. संजीवनी गेल्यापासून दोन वर्षं सकाळच्या गाडीला तुझा डबा चुकला नाही. दरड पडून रस्ता बंद होता ते चार दिवस सोड. तो डबा तू एका ओळीत तोडलास? भावजय असती तर तिनंच तुझा कान धरला असता.

तो दगड मी विळीवर कापला. विळीची धार गेली. आत नुसती भोकं, चव आंबट, म्हणजे चार दिवसांचा शिळा असणार. आणि मीठ? मिठाचा खडा लांबून दाखवलासुद्धा नाहीस त्याला. निशिगंधा खाताना गप्प होती. बिचारी सून, नवऱ्याच्या मामाला नावं कशी ठेवणार? उरलेला कोंबड्यांना टाकला. त्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

फोन करणार होते, पण फोनवर तू रेंज जातेय म्हणून सुटतोस. कागदावर सुटायला जागा नाय. जन्मभर पोस्टात नोकरी केलीस, आता पत्राला उत्तर दे. भोगीच्या भाजीत काय कमी होतं? तांदळाच्या भाकरीनं तुझं काय घोडं मारलं?

रागात हाय. तरी तब्येतीचं कळव.

तुझीच, पण आज थोडी कमी,
आक्का

•

महाड,
१८ जानेवारी २०२५

ती. आक्काच्या चरणी महिपतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. वाचताना कागद गरम लागत होता.

आधी कोंबड्यांचं. त्या दगडामागे माझे दोन दिवस होते, आक्का. तो शिळा नव्हता, आंबवलेला होता. सावरडो म्हणतात त्याला. गव्हाचं पीठ आणि पाणी बरणीत कालवायचं, रोज थोडं काढून ताजं घालायचं. आठवड्याभरात ते आपलं आपण फसफसायला लागतं. यीस्ट नाही, सोडा नाही. तू आंबोळीचं पीठ आंबवतेस, त्याचाच हा भाऊ समज. डॉक्टरांनी साधं, घरचं, आपल्या हातानं केलेलं खा म्हणून सांगितलंय. सकाळी मोडाचे मूग, दुपारी ब्रेडचे दोन काप आणि दुधी, रात्री नाचणीची आंबील. तुझीही एसटीपर्यंतची पायपीट वाचेल. भोगीच्या भाजीत म्हणशील, तर कमी काहीच नव्हतं.

ब्रेडला मीठ नव्हतं, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. काट्यावर मोजून घातलं होतं. अर्धा किलो पीठ, साडेतीनशे ग्रॅम पाणी, शंभर ग्रॅम आंबवण आणि दहा ग्रॅम मीठ. मळून, फुगवून, जाड पातेल्यात झाकण लावून भाजायचं. विश्वास नसेल तर स्वतः करून बघ. आंबवणाची बरणी सुनीलकडे देतोय. झाकण घट्ट लावू नकोस, नाहीतर तीसुद्धा तुझ्यासारखी उसळेल.

राग सावकाश उतरव, पण उतरव.

तुझा धाकटा,
महिपती

•

कापडे,
२१ जानेवारी २०२५

चि. महिपतीस अ. उ. आ.

बरणी मिळाली. बोचक्यात सांडून आली, सुनील म्हणाला की मावशी, यात काय जिवंत हाय का? मी म्हटलं, माझ्या भावाचं डोकं हाय, म्हणून आंबलंय.

मीठ मोजून घाल म्हणे! कुणाला सांगतोस रे? पन्नास वर्षं मी हाताच्या अंदाजानं मीठ घालते. तुझ्या लग्नात जेवण कुणी काढलं होतं? आता चिमाबाईच्या नातीचं, अंकिताचं, ९ फेब्रुवारीला लग्न हाय. दोनशे पानं उठायची. आमटीच्या टोपात मीठ घालायला चिमाबाई मलाच बोलवून गेली. कापड्यात लग्नाच्या टोपाला दुसऱ्या कुणाच्या हातचं मीठ चालत नाय, हे तुला ठाऊक हाय. अन् तू मला दहा ग्रॅम शिकवतोस!

करीन तुझा ब्रेड. तुझ्याच मापानं, चिमूटभर इकडं तिकडं न करता. मग अळणी झाला की आख्ख्या आळीला वाटीन आणि तुझं नाव सांगीन.

माया जागेवर हाय, राग तिच्या पुढं उभा हाय.

आक्का

•

कापडे,
२२ जानेवारी २०२५

ती. मामांना निशिगंधाचा सा. न.

हे पत्र आत्यांना न सांगता लिहितेय, आणि मोठ्यांशी बोलू नये तशा रागानं लिहितेय, तेवढं पोटात घाला.

तुम्ही बरणी पाठवलीत, पण जे सांगायचं होतं ते पाठवलं नाहीत. पावसाळ्यात आत्या तापानं पडल्या, त्यातून उठल्या, पण त्यांच्या जिभेला मीठ कळेनासं झालं. घालतात, चाखतात, लागत नाही म्हणून परत घालतात. घरात आम्ही आमटीत गुपचूप गरम पाणी ओततो, भाजीवर दही घेतो. तुम्हाला डब्यात पाणी ओतायची सोय नव्हती. तुम्ही सगळं तसंच खाल्लंत. दाब एकशेऐंशीवर गेला, डॉक्टर ओरडले, तेव्हा मी फोनवर हात जोडून सांगितलं होतं, की आता तरी आत्यांना सांगा. तुम्ही हो म्हणालात, आणि ब्रेड भाजून त्याच्या मागं लपलात.

मी सांगितलं तर सुनेला सासूचा हात खुपतो असं होईल. ह्यांना सांगितलं, तर हे शेतावर निघून जातात. पण ९ तारखेला दोनशे माणसं पानावर बसतील आणि पहिल्याच घासाला पानं बाजूला सरकतील. त्या दिवशी गावासमोर त्यांची मान खाली गेली, तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. भाऊ तुम्ही आहात. तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा.

चुकलं असेल तर रागवा, पण आधी हे काम करा.

तुमची सूनबाई,
निशिगंधा

•

कापडे,
२८ जानेवारी २०२५

चि. महिपतीस अ. उ. आ. बाकी उत्तम काही नाही.

परवा तुझा ब्रेड केला. हैबतीच्या दुकानातल्या काट्यावर दहा ग्रॅम मीठ मोजून घेतलं. तो हसला, म्हणाला की काकी, औषधाला नेताय काय? घरी येऊन ती पुडी तळहातावर ओतली. अर्ध्या किलो पिठाला माझ्या हातानं घातलं असतं ते नेमकं तेवढंच. हात सांगत होता, बरोबर हाय. म्हटलं, चला, एवढं तरी महिपतीला येतं. मळला, रात्रभर फुगवला, चुलीवर पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे घातले. छान फुगला रे, वरून तडकलाही. तुकडा तोंडात टाकला. अळणी.

आता मला सांग, माप तेच, हात तोच, मग मीठ गेलं कुठं? हैबतीला शिव्या द्यायला निघाले होते. वाटेत चिमाबाई भेटली, तिला तुकडा दिला. ती म्हणाली, मीठ अगदी बेतशीर हाय गो. मी तशीच मागं फिरले. डब्यातलं चिमूटभर मीठ घेतलं आणि जिभेवर ठेवलं. वाळू. नुसती वाळू, महिपती.

निशिगंधाला हाक मारली. माझ्या हातातला मिठाचा डबा बघूनच तिनं पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. आमटीतलं पाणी, भाजीवरचं दही, तुझा दाब, तिनं तुला लिहिलेलं पत्र. सहा महिने! तुम्ही तिघं सहा महिने माझ्या हातचं खात होता आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाय. जन्मभर मी ज्याचं चुकलं त्याला तोंडावर सांगितलं. तू पहिल्यांदा बिडी ओढलीस, तेव्हा आईच्या आधी मी तुला झोडपलं होतं. मग माझं चुकलं तेव्हा तुम्हाला दया कसली आली? मी काय पाळण्यातलं पोर हाय, की झोपमोड होईल?

तुझ्यावर राग सगळ्यात जास्त. तिनं पाणी तरी ओतलं. तू खात राहिलास. एकशेऐंशी दाब अंगावर घेऊन रोज सुनीलकडं निरोप धाडायचास, छान होतं म्हणून. तुला काही झालं असतं, तर मी भावाला स्वतःच्या हातानं मीठ घालून मारलं असं झालं असतं, आणि ते मला कळलंही नसतं. ही माया म्हणतोस तू? मला न विचारता माझ्या माथ्यावर एवढं ठेवायचा हक्क तुला कुणी दिला?

दोन दिवस मी मिठाला हात लावला नाय. आज लावला. कारण बसून विचार केला, तर हात कुठंच चुकला नव्हता. पहिल्यांदा पडायचं ते बरोबरच पडायचं. मी चाखायची आणि वर आणखी घालायची, तिथं बिघडायचं. तेव्हा ठरलं असं. मीठ मी घालणार, एकदाच घालणार, आणि चाखणार निशिगंधा. चिमाबाईला जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, तुला दुसरा हात बघायचा असेल तर बघ, लग्नाचं काम हाय. ती वैतागली. म्हणाली, हात तुझाच पायजे, जीभ सुनेची आण. दोनशे पानांसमोर आम्ही दोघी टोपाशी उभ्या राहू. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

तुझा ब्रेड चांगला होता, असं निशिगंधा म्हणते. मला हे तिच्याकडून कळतं, याचा संताप अजून गेलेला नाय.

सोमवारपासून डबा सुरू. डॉक्टरांना विचारून निम्म्या मिठाचा करते. पण रिकाम्या डब्यात रोज चिठ्ठी हवी. खारट, अळणी, बरोबर, जे असेल ते. पुन्हा एकदा जरी छान लिहिलंस, तर डबा त्या दिवशी बंद, आणि या वेळी तो मी बंद करीन.

लोभ तुझा हाय, तो मागत नाय. खरं तेवढं दे.

तुझी थोरली,
बनुआक्का