जात्यातला शेंदूर

प्रति,
मा. प्रभारी अधिकारीसाहेब,
वीजसाठा द्रव्य संशोधन केंद्र (तात्पुरते),
मु. पो. निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

विषय : केंद्राने आमच्या जात्यावर काय दळून घेतले, हे एका ओळीत लिहून मिळणेबाबत.
संदर्भ : याच अर्जदाराचे मागील दोन अर्ज व त्यांस आलेली आपली उत्तरे.

महोदय,

अर्जदार सौ. इंदुमती मानसिंग भोंग ही येथील रहिवासी असून कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली आहे. पती वालचंदनगरला नोकरीस. घरी ती, सासूबाई शकुबाई व अडीच वर्षांची मुलगी छबू.

१. पवनचक्कीची वीज साठवणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर आपल्या केंद्रात प्रयोग चालतात, याचा गावाला अभिमान आहे. गेल्या उन्हाळ्यात केंद्राचे दळणयंत्र मोडले. प्रयोग अडू नये म्हणून भांडारपाल सर्जेराव यांनी आमच्या आळीतली जाती मागून नेली, बायकांकडून त्यांवर तांबडी पूड मैद्यासारखी दळून घेतली, आणि जाती धुऊन, हळदकुंकू वाहून परत केली. उरलेली पूड मारुतीला दिली. बायकांनीही चिमूटभर पदराला बांधून आणली. अर्जदार तेव्हा माहेरी होती.

२. ती पूड म्हणजे शिशापासून होतो तो शेंदूर. देवाला लावतात म्हणून कोणी बिचकले नाही. अर्जदाराने शंका काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "द्येवाच्या अंगाला चालतंय, त्ये लेकराला कसं बाधंल? लय शिकलीस म्हनून द्येवाला नावं ठिवू नगंस." दगडाच्या खाचांत बसलेली पूड पाण्याने निघत नाही, ती पुढे पिठात उतरते, हे त्यांना पटवता आले नाही.

३. छबूला जात्याशी बसून सांडलेले पीठ चाटायची खोड. आता तिच्या पोटात कळा येतात, ती ओकते, मनगट लुळे पडून हातातला घास गळतो. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते. सासूबाईंनी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि तोच शेंदूर तिच्या कपाळाला व ओठाला लावला. अर्जदार त्या वेळी विहिरीवर होती. परत येऊन धुऊन काढेपर्यंत मुलीने तो चाटला होता.

४. बारामतीचे डॉक्टर म्हणतात, "शिसं पोटात गेल्यासारखं दिसतंय. पण बाई, भाकरीत शिसं येणार कुठून? केंद्राकडून लिहून आणा, मी औषधासाठी पुण्याला पाठवतो."

५. पहिल्या अर्जास उत्तर आले की, पुडीचे घटक गोपनीय आहेत; जाते स्वच्छ परत मिळाल्याबद्दल शकुबाईंचा अंगठा दप्तरी आहे; जात्याची झीज झाली असल्यास स्वतंत्र अर्ज करावा. मारुतीच्या अंगावर जे सगळ्या गावाला दिसते, ते गोपनीय कसे, हे अर्जदारास कळले नाही. दुसऱ्या अर्जास पिठाचा नमुना आणण्याचा हुकूम झाला. नमुना आणला. सर्जेरावांनी तो फाटकातूनच परत दिला : "साहेब म्हनत्यात, ह्ये पीठ तपासनीला चालायचं न्हाय. ह्यात बाजरीच लय हाय."

६. अर्जदारास आपल्या पट्टीचा मसाला नको, भट्टीची आच नको, झिजेची भरपाई तर नकोच नको. "या जात्यावर शिशाची पूड दळली" एवढे लिहून खाली सही करावी.

७. आळीतली बाकीची जाती अजून फिरत आहेत. आपल्या बंगल्यावरचे दळण भामाबाई करतात. त्यांचे जातेही त्यांतलेच. परवा आपल्या सौभाग्यवती देवळात म्हणाल्या की, बाळ हल्ली खात नाही, पोट धरून रडते. मी त्यांना हे सर्व सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, घातक असतं तर ह्यांनी दळू दिलं असतं का?"

परक्या मुलाचे तोंड उघडून मी कसे पाहावे? आपण पाहावे. दारापाशी नेऊन, उजेडात, हिरडीची कड पाहावी. यास कृपा करून धमकी समजू नये.

आज दुपारच्या एस.टी.ने छबूला बारामतीस नेत आहे. तोवर फाटकाशी थांबते.

एका ओळीसाठी खोळंबलेली, आपली नम्र,
सौ. इंदुमती मानसिंग भोंग
निमगाव केतकी, दि. १९ नोव्हेंबर १९५७

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. आमच्या जात्याचा वरचा दगड. नस्तीत मावत नसल्याने कचेरीच्या पायरीवर ठेवला आहे. त्यावर पुन्हा कोणाचे दळण पडू देऊ नये.