अबू युसूफच्या रायफलचा दस्ता

शुक्रवार, अब्बासिया

आमच्या सुतारखान्याचे मालक अबू युसूफ यांच्याकडे वडिलांची रायफल आहे, सैन्याने मोडीत काढलेली. खांदा दुखावल्यापासून तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता त्यांना लांब पडतो, म्हणून तो माझ्याकडून कापून मागत होते. मी म्हटलं, "त्यापेक्षा नवीन दस्ता घ्या ना."

"नवीनवर वडिलांचा गाल टेकलेला नाही."

"मग तेच लाकूड कापायचं?"

ते त्यांना पटलं. शेवटी जुना दस्ता त्यांनी जपून ठेवला, मी अक्रोडाचा आखूड दस्ता घडवून बसवला. एवढा खटाटोप कशाला, मलाही कळेना. आज तो खांद्याला लावून ते हसले. माझा तीन बोटांचा हात धरून म्हणाले, "हे काम तुझ्याकडूनच हवं होतं."

करवतीत बोटं गेल्यापासून माझ्याकडे फक्त पॉलिशचं काम यायचं. या माणसाचे उपकार कसे फेडू? लगेच बायकोला फोन केला. म्हटलं, मी अजून सुतारच आहे गं.