चार रिकामी पानं

गिरगाव,
बुधवार, ६ जून १९५६

प्रिय रामदास,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. तुझ्या मेव्हण्याला, दगडूला, चाळीत ठेवायचं की नाही हे रविवारच्या बैठकीत ठरणार. त्याच्या आत तुझ्या भावाचा, भिवाचा, ठावठिकाणा पोलिसांना कुणी दिला ते शोधून काढ, असं तू लिहिलंस. 'कादंबऱ्यांत एवढे खून उलगडलेस, हा एक आमच्यासाठी उलगड.' दोन दिवस ते कार्ड जेवणाच्या टेबलावर पडून आहे. तुझी राजलक्ष्मीवहिनी ते उचलते, वाचते आणि परत ठेवते.

फेब्रुवारीपासून मी धड एक पान लिहिलेलं नाही. महिन्याची कादंबरी महिन्याला हवी म्हणून बाबुराव छापखान्यातून रोज निरोप पाठवतात. मी सकाळी कागद घेऊन बसतो, पहिल्या ओळीत एक माणूस मारतो आणि तिथेच अडतो. पूर्वी मेलेल्या माणसाचं मला काही वाटायचं नाही. तो मेल्याशिवाय गोष्ट पुढे कशी जाणार? त्याला आई असेल, तिला घास गिळवत नसेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. तुझ्या आईला, जाईबाईंना, भिवाच्या उशाशी बसलेलं पाहिलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

तू माझा पहिला वाचक, आणि सगळ्यात खडूस. छपाईचे खिळे जुळवायला घेण्याआधी माझा प्रत्येक कागद वाचणार आणि म्हणणार, "मनमोहनराव, डावखुऱ्यानं सुरा मारला तर जखम या बाजूला कशी?" कितीदा माझी अब्रू वाचवलीस! माणसं बनावट, जागा खऱ्या, हा माझा नियमही तूच घालून दिलेला. माझगावातली एक गल्ली मी चुकीची वळवली, तर एका वाचकानं नकाशा काढून पाठवला होता. तेव्हापासून पायऱ्या मोजल्याशिवाय मी कुणाला जिन्यावरून ढकलत नाही. लोक पुस्तक हातात घेऊन त्या जागा बघायला जातात, याचा मला फार गर्व होता रे.

जानेवारीत तू सत्याग्रहात आत गेलास. पाठोपाठ लालबागच्या दगडफेकीत भिवाचं नाव आलं. दगडू कॉटन ग्रीनच्या ज्या गोदामात हमाली करतो, तिथेच त्यानं भिवाला लपवलं. दगडू भाकरी घेऊन गोदामामागे गेला असता तर मुकादमाच्या लगेच नजरेत आला असता. म्हणून जाईबाई माझ्याकडे आल्या. आमच्या जिन्यातच बसल्या. "तुज्या कोटाकडं बगून तुला कोन अडवनार न्हाय. येवढं कर बाबा." मी चार दिवस गेलो. मागच्या पत्र्याची कड उचलायची आणि कापसाच्या गाठींमधून आडवं सरकत आत जायचं. भिवानं डाव्या हाताला तुमच्या बहिणीच्या, शेवंतीच्या, लुगड्याची चिंधी बांधली होती. मला बघून हसला. "दादा, तुमच्या पुस्तकातला वाटतो ना मी?"

चौथ्या दिवशी तिथून मी सरळ छापखान्यात गेलो. शेवटच्या फॉर्मची चार पानं रिकामी राहत होती. सोळा पानं भरल्याशिवाय फॉर्म यंत्रावर चढत नाही, हे तुला मी काय सांगणार. बाबुराव डोक्यावर उभे होते. "काहीही लिहा, पण आत्ता लिहा." मी बसल्या जागी लिहून काढलं. कॉटन ग्रीनच्या त्याच गोदामात लपलेला फरारी, मागचा पत्रा, गाठी, डाव्या हाताची चिंधी. माणसाचं नाव तेवढं बदललं. पानं झकास उतरली, खोटं कशाला बोलू. तू असतास तर तिथेच कागद फाडून माझ्या अंगावर फेकले असतेस. तुझ्या जागी नवा माणूस होता, त्यानं न वाचताच खिळे उचलले.

पुस्तक पाच फेब्रुवारीला बाजारात आलं. आठ तारखेला भिवाला पकडलं आणि बाराला त्याचं प्रेत घरी आलं. तू तुरुंगात होतास म्हणून त्याची पाठ पाहिली नाहीस. मी पाहिली. जागा दगडूची, म्हणजे फितूरही दगडूच, असं चाळीनं ठरवलं. मी तर भाकरी नेणारा, माझ्यावर कुणाचा संशय जाणार? मी खांदा दिला आणि घरी आलो.

मार्चमध्ये एक फौजदार छापखान्यात आला. हसतमुख माणूस, माझा जुना वाचक. तेच पुस्तक पुढे करून सही मागू लागला. "जागा खरी आहे का, म्हणून सहज बघायला गेलो, साहेब. पत्रा उचलला तर आत माणूस!" मी सही दिली. वर 'सप्रेम' लिहिलं. तीन महिने झाले, हे मी राजलक्ष्मीलासुद्धा सांगितलेलं नाही. दगडूला नळावर पाणी भरू देत नाहीत, शेवंतीला तुम्ही माहेरी आणून बसवलंत, सगळं कानावर येत होतं. परवा परळच्या नाक्यावर दगडू भेटला. त्यानं हात जोडले. निदान मी तरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

दगडूनं काही केलेलं नाही, रामदास. मी केलं. सोबत पुस्तक पाठवतो आहे, त्र्याण्णव ते शहाण्णव पानं दुमडून ठेवली आहेत. जाईबाईंना आधी एकट्यांना सांग, त्यांना चारचौघांत कळायला नको. मग बैठकीत हे पत्र मोठ्यानं वाच, आणि माझं नाव गाळू नकोस. रविवारी मी खाली चाळीच्या दाराशी उभा असेन. बोलावलंत तर वर येईन. नाही बोलावलंत तरी दगडू नळाखाली घागर लावेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझाच
(हा शब्द तू जुळवला नाहीस तरी चालेल)
मनमोहन