पश्चिमेचे झरोके

बाबा,

कळमनुरीत कॉलेजच्या मुलींसाठी मी आठ खोल्या बांधल्या. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींना पत्र्याच्याच खोल्या परवडतात आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे बसवत नाही. म्हणून विटा उभ्या लावून मधे पोकळी सोडलेल्या भिंती घातल्या. विटा कमी लागल्या, भाडं वाढलं नाही, ऊनही आत पोचत नाही. पश्चिमेला वर झरोके ठेवले, तुम्ही ठेवायचात तसे.

नववीत शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलो, तो पहिला दिवस आठवतो. मी टेप उघडतो आणि तुम्ही ओरडता, "टेप काहून काढला? बस आधी. वारं कुठून येऊन राहिलं, शेजारी काय चालतं, बघ." दुपारपर्यंत आपण त्या रिकाम्या जागेवर नुसते बसलो. सुगीत इथे काय असतं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला.

या कामाच्या आधी मी तसा जागेवर बसलो नाही. श्रावणात मापं घेतली, तीनदा तपासली. पश्चिमेचं शेजारचं आवार तेव्हा मोकळं होतं. जानेवारीत तिथे हळद शिजायला लागली, मग वाळलेली हळकुंडं घासणारा पॉलिशचा ड्रम फिरू लागला आणि पिवळी धूळ झरोक्यांतून सरळ वह्यांवर. मुली आधी हसल्या. "दादा, रोजच हळद लागून राहिली आमाला, नवरदेव तेवढा पाठवा." पुढे त्यांनी झरोक्यांत टॉवेल कोंबले आणि खोल्यांत कोंडायला लागलं. बारावीतल्या एकीला दमा होता. परीक्षेच्या तोंडावर वडील येऊन तिला गादीसकट घेऊन गेले. तिने पेपर दिले की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आता ते झरोके बुजवून पूर्वेला नवे काढतो आहे. या वेळी दोन दिवस नुसता बसलो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतं. मुलगी गेली त्या दिवशी खोल्यांचे मालक आले. "हे भोकं कोणी ठेवायला सांगितले रे?"

"बाबांनी," मी म्हणालो.

"तुझा बाप असा चुकत नव्हता," एवढंच बोलून ते गेले. त्याआधी ऑक्टोबरच्या उन्हात खोल्या थंड आहेत म्हणून सगळे मला नावाजत होते. तेव्हा मी तुमचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.