मुंडी कोणाच्या ताटात

पवनी, मंगळवार
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सारे बरे आहेत. आपली धाकटी रेणू यंदा बारावीले आहे. बाबा खोकतात, पण पहाटे जाळं घेऊन तलावावर जातातच. तुझ्या तब्येतीचं विचारत नाही, ती मी परवा डोळ्यानं पाहिली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी.

तीन वर्षांआधी तू नागपुरात कोर्टात लग्न केलं, आम्हाले फोटोच दिसला. तरी मी वहिनीले पाहताच ओळखलं. तुले काय माहीत, की पवनीवरून जाताना सासऱ्याले मासोळी खायची हुक्की येईल, अन् पुलाजवळच्या त्याच हॉटेलात वर्षभरापासून रस्सा मी रांधते!

तुम्ही चौघं पंख्याखालच्या टेबलावर बसले. मी भगुणं घेऊन आली, तर तू मोबाईलात डोकं घातलं. मी म्हटलं, ठीक आहे बाप्पा, लाजला असेल. माझ्या हाताले खवले चिकटलेले. मीही अनोळखी झाली. 'साहेब, भात देऊ का भाकर?' साहेब! ज्याच्या शाळेच्या डब्यात मीच भाकर बांधायची.

एवढं मी गिळलं असतं. पण मग तुझा सासरा म्हणाला, 'तुमचे बाबा असते तर आज त्यांनाही सोबत आणलं असतं.' अन् तू म्हणाला, 'हो ना, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली.'

बाबा रांधणखोलीच्या पडद्यामागं होते, दादा. तुमच्या ताटातली कतला त्यांनीच पहाटे धरली होती. दुसरी टोपली घेऊन आले अन् तुले पाहून तिथंच थांबले. त्यांनी सारं ऐकलं. मी आत आली अन् टेबलच उलटवायले परत फिरली, पण त्यांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात सासऱ्यानं कतलाची मुंडी तुझ्या ताटात वाढली. 'जावयाचा मान!' तू ती बोटानं ताटाच्या काठाले सारली. सासू म्हणाली, 'घ्या ना, जावईबापू.' तू म्हणाला, 'मला नाही चालत.'

खोटारडा! लहानपणी त्या मुंडीसाठी तू भोकाड पसरायचा. आई होती तेव्हा दरवेळी सांगायची, 'बाप जिता आहे तोवर मुंडी बापाची, पोरा. त्याच्या मागं तुझी.' तोंडानं बाप मारला तू, पण मुंडी खायची हिंमत नाही झाली.

बाबा तेवढ्यावरच खूश. 'पाहिलं का ममता, नाही खाल्ली पोरानं.' दोन दिवस हेच बोलून राहिले. शेजारच्या सखाबाईलेही सांगून आले. माझ्या मात्र अंगाची आग होऊन राहिली. एवढ्याशावर खूश व्हावं, इतका लाचार माझा बाप नाही. ज्यानं कंबरभर पाण्यात उभं राहून तुले इंजिनीअर केलं, त्यानं पडद्यामागं काहून उभं राहावं?

बाबा म्हणाले, पोराचा संसार मोडशील, काही लिहू नको. मी लिहून राहिली आहो. अन् ऑफिसच्या नाही, तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकून राहिली आहो. वहिनीनं उघडली तर उघडू दे.

येत्या रविवारी तेच टेबल मी राखून ठेवते. पाच खुर्च्या. पाचवीवर बाबा बसतील, पांढरा सदरा घालून. साऱ्यांना घेऊन ये. मुंडी तुझ्या हातानं बाबांच्या ताटात वाढ अन् सांग, हे माझे बाबा, ढीवर आहेत, ही मासोळी त्यांनीच धरली. नाही मरत कोणी त्यानं.

हे जमत नसेल तर एकटा ये. मुंडी मी तुलेच वाढते. बाबांच्या समोर बसून खा. मग मीही साऱ्यांना सांगते, मले भाऊ होता, त्याले जाऊन पंधरा वर्षं झाली.

रविवारपर्यंत तरी तुझी बहीण,
ममता
जित्या परसराम मारबतेची पोरगी